सीडी आमची, कुलूप त्यांचं

मेसच्या रांगेत संपादकांनी मला गाठलं. "मराठी विभागात पानं कमी पडतायत, काहीतरी लिहून दे." मी म्हटलं, "अरे, मी कॉन्व्हेंटचा. शाळेत मराठी बोललं की दंड भरायचो. माझं मराठी म्हणजे घरचं आणि एसटी स्टँडवरचं." तो म्हणाला, "मग तसंच लिही." तेव्हा मित्रांनो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या नावावर, बाकीच्या सगळ्या माझ्या.

विषय कॉम्प्युटर गेमचा आहे. लगेच पान उलटू नका. रेक्टर सर, तुम्हीही नका उलटू. रात्री अडीचपर्यंत जागून गेम खेळण्यावर हा लेख नाही. म्हणजे, थोडासाच आहे.

साताऱ्याला आमचं पुस्तकांचं छोटं दुकान आहे. शाळेची पुस्तकं, वह्या, गाईडं, आणि एका कपाटात डिप्लोमा-डिग्रीची पुस्तकं. बाबा माल आणायला पुण्याला अप्पा बळवंत चौकात जायचे. २०१० साली दादाला सातवीची स्कॉलरशिप मिळाली आणि त्या फेरीत वह्यांच्या गठ्ठ्यांबरोबर बाबांनी एक चकचकीत खोकं आणलं. गाड्यांच्या शर्यतीचा गेम. ओरिजिनल. किंमत ५९९ रुपये!

तोच गेम तेव्हा बाजारात पन्नास रुपयांना मिळायचा, पांढऱ्या सीडीवर मार्करनं नाव लिहिलेला. आईनं बाबांना विचारलंसुद्धा, की सहाशे रुपये कशाला घातलेत? बाबा म्हणाले, "मी पुस्तकं विकतो. दिवसभर झेरॉक्सवाल्यांच्या नावानं बोटं मोडतो. आणि पोराला चोरीची सीडी आणून देऊ?" विषय संपला. आमच्या घरात बाबांचे विषय असेच संपतात.

दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मी तेव्हा पाच वर्षांचा. दुकानाच्या बिलांसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर रात्री जेवणानंतर एक तास परवानगी. दादाकडे बाणांची बटणं, म्हणजे स्टिअरिंग. माझ्याकडे स्पेस बार, म्हणजे हँडब्रेक. तो मी नेमका नको तिथे दाबायचो आणि गाडी गर्रकन फिरून भिंतीवर जायची. दादा डोक्यात टपली मारायचा, पण स्पेस बार कधी काढून घेतला नाही. त्या गेममध्ये एकेका गड्याला हरवत यादीत वर वर जायचं असतं. चार वर्षं आम्ही वर वर जात होतो. २०१४ला दादा बारावीत गेला तेव्हा यादीत एकच गडी उरला होता. पण बारावी म्हणजे बारावी! बाबांनी कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली. मग दादाचं इंजिनिअरिंग, मग बंगलोरची नोकरी. ती एक शर्यत राहून गेली ती गेलीच.

यंदा दादाचं लग्न ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत आईनं मला पितळेची भांडी काढायला माळ्यावर चढवलं आणि भांड्यांच्या मागे ते खोकं सापडलं. आत सीडी, पुस्तिका, सीरियल नंबर, सगळं शाबूत. शेजारी चादरीतला कॉम्प्युटरही होता. उत्साहानं खाली आणला, बटण दाबलं... फट्! जळका वास आणि आईच्या शिव्या. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन नुसती हार्ड डिस्क काढली आणि सीडीबरोबर बॅगेत टाकून हॉस्टेलला आणली. डोक्यात प्लॅन पक्का होता. लग्नाआधी दादाला समोर बसवायचं आणि ती शेवटची शर्यत खेळायची. याहून चांगला आहेर मला परवडणार तरी आहे का?

* * *

आता गंमत ऐका. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. लॅबच्या काकांकडून यूएसबीवर चालणारा एक ड्राइव्ह मागून आणला (काका, परत केलाय, रजिस्टरमध्ये सही आहे). जुनी हार्ड डिस्क केबलनं जोडली आणि त्यात आमचं सेव्ह केलेलं करिअर जसंच्या तसं मिळालं. फाईलची तारीख २०१४ची. खरं सांगतो, ती तारीख बघून जरा गलबललं. सीडी घातली. गेम इन्स्टॉल झाला, सीरियल नंबरही त्यानं निमूट घेतला. डबल क्लिक केलं. कर्सरशेजारी ते गोल चक्र दोन सेकंद फिरलं आणि गायब.

बस. पुढे काहीच नाही. एरर नाही, मेसेज नाही. सरांनी हजेरी घेताना आपलं नावच गाळावं तसं वाटलं.

अशा वेळी आपल्या विंगमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. दहा मिनिटांत माझ्या खोलीत आठ एक्स्पर्ट जमले. कुणी म्हणे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालव, कुणी म्हणे जुन्या विंडोजच्या मोडमध्ये टाक. रात्रीचा एक वाजला तरी चक्र फिरायचं आणि गायब व्हायचं. शेवटी माझा नांदेडचा रूम पार्टनर, जो एवढा वेळ पलंगावर पडून चिवडा खात होता, उठला आणि म्हणाला, "ती सीडी आता दाढी करायला आरसा म्हणून लाव. हाच गेम माझ्या हार्ड डिस्कवर आहे. क्रॅक केलेला. चार मिनिटांत चालू करून देतो."

सगळे हसले. मग तोच म्हणाला, "तुझ्या बाबांनी सहाशे रुपये मोजले, म्हणून तुझा चालत नाही. मी एक रुपया दिला नाही, म्हणून माझा चालतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत याला काय म्हणायचं?"

"निगेटिव्ह फीडबॅक," इलेक्ट्रॉनिक्सवाला म्हणाला.

* * *

हसण्यावारी गेलं, पण मला झोप येईना. पुढचा आठवडा मी सबमिशन सोडून हेच वाचत बसलो. जे कळलं ते थोडक्यात सांगतो, ओरलला विचारणार नाहीत, घाबरू नका.

त्या काळच्या गेमच्या सीडीवर कॉपी होऊ नये म्हणून कुलूप असायचं. सेफडिस्क, सेक्युरॉम ही त्यातली गाजलेली नावं. सेफडिस्कची युक्ती अशी, की सीडी छापतानाच तिच्यावर मुद्दाम काही खराब जागा ठेवायच्या. घरच्या सीडी रायटरला त्या जागा जशाच्या तशा उतरवता येत नाहीत. गेम सुरू होताना आधी या खराब जागा आहेत का ते तपासतो. सापडल्या तर सीडी अस्सल, नाही सापडल्या तर नक्कल. म्हणजे सीडीतली खोट हीच तिची ओळख! कल्पना हुशार आहे, मान्य.

पण हे तपासायला सेफडिस्कचा एक ड्रायव्हर लागायचा आणि तो विंडोजच्या अगदी आतल्या घरात, कर्नलमध्ये बसायचा. २००७ साली त्या ड्रायव्हरमध्येच सुरक्षेची एक खोट सापडली. या वेळी मुद्दाम ठेवलेली नव्हे. मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. पुढे २०१५मध्ये विंडोज १० आलं त्यात हा ड्रायव्हर चालेनासा झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका अपडेटनं तो विंडोज व्हिस्टा, ७ आणि ८ मध्येही बंद केला. सुरक्षेच्या दृष्टीनं निर्णय बरोबरच होता. पण त्या पिढीच्या असंख्य सीड्यांचं काय झालं? गेम धड, सीडी धड, फक्त दारावरचा वॉचमन रिटायर झाला आणि जाताना किल्ली खिशात घेऊन गेला. माझी सीडी त्याच पिढीची.

क्रॅक म्हणजे काय, तर गेममधला तो तपासणीचा भाग काढून टाकलेली फाईल. म्हणून पार्टनरचा गेम सुखात चालतो. त्याच्या घराला दारच नाही, तर किल्ली कशाला हवी?

हे कुलूपप्रकरण फार जुनं आहे. आमचा मामा पॉलिटेक्निकला असताना लॅबमध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळायचा. १९८९चा गेम. त्यात पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची. जमिनीवर बाटल्या आणि वर अक्षरं. पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचं पहिलं अक्षर बघायचं आणि त्याच अक्षराखालची बाटली प्यायची. चुकीची प्यायली की राजपुत्र खलास. ज्यानं विकत घेतलाय त्याच्याकडे पुस्तिका असणार, असा हिशेब. मामा सांगतो, "आमच्या कुणाकडे पुस्तिका नव्हती, पण अक्षरांची यादी प्रत्येकाच्या जर्नलच्या शेवटच्या पानावर होती." म्हणजे आपला देश तेव्हाही आत्मनिर्भर होता.

त्या कुलपानं निदान कुणाचं नुकसान तरी होत नव्हतं. पुढे मात्र कुलपं वाढत गेली. सप्टेंबर २००८मध्ये 'स्पोअर' नावाचा मोठा गाजावाजा झालेला गेम आला. त्यात अट अशी की विकत घेतलेली प्रत फक्त तीनदा ॲक्टिव्हेट करता येणार. कॉम्प्युटर बदलला, फॉरमॅट मारला, की एक चान्स गेला. लोक इतके भडकले की ॲमेझॉनवर एका-एका स्टारच्या रिव्ह्यूंचा पाऊस पडला. कंपनीनं तीनाचे पाच केले. पण त्याच वर्षी बेकायदा डाउनलोडच्या यादीत 'स्पोअर'चाच पहिला नंबर लागला! ज्यांच्यासाठी कुलूप लावलं ते खिडकीतून आत जाऊन बसले, आणि तिकीट काढलेले दारात उभे.

मग नवीन टूम निघाली. गेम एकट्यानं खेळायचा असला तरी इंटरनेट सतत चालू हवं. मार्च २०१०मध्ये 'ॲसॅसिन्स क्रीड २' पीसीवर आला तो या अटीसकट. पहिल्याच काही दिवसांत कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे देऊन घेणाऱ्या कितीतरी जणांना आपल्याच घरात, आपल्याच कॉम्प्युटरवर गेम सुरू करता येईना. २०१३च्या मार्चमध्ये 'सिमसिटी'चं तेच झालं. शहर वसवायचा गेम, पण सर्व्हरसमोर रांगच रांग. कंपनीला नुकसानभरपाई म्हणून दुसरा गेम फुकट द्यावा लागला आणि एक वर्षानं, २०१४मध्ये, ऑफलाइन खेळायची सोय करावी लागली. आपल्या हॉस्टेलचं वायफाय ज्यांनी अनुभवलंय त्यांना मी या दुःखावर अधिक काय सांगणार!

आणि सर्व्हरच कायमचा बंद झाला तर? 'द क्रू' नावाचा गाड्यांचाच गेम होता, २०१४ सालचा. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेल्या सगळ्यांच्या प्रती एका दिवसात निकामी झाल्या. यातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' नावाची चळवळ उभी राहिली. कंपन्यांनी गेम बंद करताना तो खेळण्याजोगा ठेवून जावं, एवढीच मागणी. युरोपात त्यांच्या अर्जावर २०२५च्या जुलैमध्ये दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात तर २०२५पासून कायदाच आहे, की डिजिटल दुकानात नुसता परवाना विकत असाल तर 'विकत घ्या' म्हणून गिऱ्हाइकाला फसवायचं नाही, तसं स्पष्ट सांगायचं.

* * *

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, कंपन्या चोर आणि आपण साव. मीही तसंच म्हणत होतो. मग एक किस्सा वाचला.

२०१३ साली ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या चिमुकल्या कंपनीनं 'गेम डेव्ह टायकून' काढला. आपण गेम बनवणारी कंपनी चालवायची, असा गेम. त्यांनी काय केलं, आपल्या गेमची एक क्रॅक केलेली प्रत स्वतःच टॉरेंटवर सोडून दिली. फरक एवढाच, की त्या प्रतीत काही काळानं तुमची कंपनी बुडायला लागते, कारण लोक तुमचे गेम विकत न घेता फुकट उतरवून घेतात! पहिला दिवस संपला तेव्हा त्यांच्या हिशेबानं खेळणाऱ्यांपैकी ९३.६ टक्के लोकांकडे ती फुकटची प्रत होती. आणि त्यातलेच काही जण विचारत होते, की पायरसीमुळे आमची कंपनी बुडतेय, काही उपाय सांगा ना! कॉपी प्रोटेक्शनचा शोध लावता येतो का?

मी हे विंगमध्ये वाचून दाखवलं. पुन्हा सगळे हसले, पण या वेळी जरा कमी. कारण आपल्या हॉस्टेलमधल्या हार्ड डिस्का पालथ्या घातल्या तर ९३.६ हा आकडासुद्धा लाजेल.

तरी मी रूबाबात होतो. माझी सीडी ओरिजिनल ना! मी कंपनीला रीतसर ई-मेल केला. कॉन्व्हेंटचं इंग्लिश एवढ्यासाठीच तर शिकलो. तीन दिवसांनी उत्तर आलं, खरेदीचा पुरावा पाठवा. मी बाबांना फोन केला.

बाबा प्रत्येक बिल फाईलला लावतात. मिक्सरचं, पंख्याचं, माझ्या पहिलीच्या दप्तराचंसुद्धा. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो आला. २०१०चं बिल, शाई थोडी उडालेली, ५९९ रुपये स्पष्ट. मी ते पाठवलं. आणखी चार दिवसांनी पाच ओळींचं उत्तर आलं. आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात, परंतु या उत्पादनासाठी आता साहाय्य उपलब्ध नाही. मराठीत सांगायचं तर, दुकान बंद, पुढे चला.

संध्याकाळी बाबांचा फोन. "झालं का काम?"

"नाही झालं. ते म्हणतात आता काही करता येणार नाही."

"का? आपण विकत घेतलाय ना?"

"बाबा, तसं नसतं. सीडी आपली असते. गेम वापरायचा आपण फक्त परवाना घेतलेला असतो."

बाबा थोडा वेळ गप्प. मागे दुकानात कुणीतरी दोनशे पानी वही मागत होतं. मग म्हणाले, "हे बघ, मी पुस्तक विकतो. गिऱ्हाईक ते घरी नेतं. स्वतः वाचतं, धाकट्या भावाला देतं, नाहीतर सेकंडहँडवाल्याला अर्ध्या किमतीत विकतं. मी त्याच्या घरी जाऊन विचारतो का, आता कोण वाचतंय म्हणून? तू चष्मा बदललास, आता पुस्तक उघडणार नाही, असं सांगतो का त्याला?"

मी काय बोलणार! 'ऑपरेटिंग सिस्टीम बदलणे' याची एवढी सोपी व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती.

"झेरॉक्सचा त्रास मला होत नाही असं समजू नकोस," बाबा पुढे म्हणाले. "यंदा सेकंड इयरची चाळीस पुस्तकं मागवली, अकरा गेली. बाकीची तशीच पडून आहेत. पण म्हणून मी पुस्तकाला साखळी लावून विकत नाही. जो पैसे देतोय त्यालाच बांधून ठेवायचं, हा कुठला धंदा?" आणि मग सहज विचारावं तसं विचारलं, "तू तिकडे पुस्तकं विकत घेतोस ना रे?"

माझ्या टेबलावर तेव्हा तीन पुस्तकं होती. तिन्ही स्पायरल बाइंडिंगची. गेटासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून पानाला पन्नास पैशांनी आणलेली. पहिल्या वर्षापासून पुस्तकांसाठी म्हणून घरून येणारे पैसे कुठे गेले, हे मी इथे लिहीत नाही. मेसला सुट्टी असते त्या रविवारी आपण सगळे कुठे जातो ते तुम्हाला माहीत आहे.

मी म्हटलं, "हो बाबा, घेतो."

खोटं बोललो. सीडीच्या बाबतीत ज्या बाबांच्या जिवावर मी विंगभर मिरवत होतो, त्यांच्याशीच.

* * *

त्या रात्री मी पार्टनरची ती क्रॅक फाईल घेतली. खोटं आता दुसऱ्यांदा बोलत नाही. म्हटलं, कंपनीनं दार लावलंय, बाबांनी पैसे दिलेत, मग आपल्याच घरात खिडकीतून शिरायला काय हरकत आहे? आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये ६५-अ हे कलम आलं. हक्कांचा भंग करायच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायदा हेतू बघतो, आणि माझा हेतू तर स्वच्छ होता. निदान सीडीपुरता.

फाईल टाकली आणि अँटिव्हायरसनं लाल पट्टी दाखवली. पार्टनर झोपेत म्हणाला, "बंद कर ना तो अँटिव्हायरस." मी बंद करायच्या बटणापर्यंत गेलो आणि थांबलो. फार तत्त्वाचा विचार केला असं नाही. त्याच लॅपटॉपवर मिनी प्रोजेक्ट होता, आणि अशाच एका फाईलपायी खालच्या मजल्यावरच्या एकाचं अख्खं सबमिशन गेलेलं मी पाहिलं होतं. कुणी लिहिलीय, आत काय आहे, कुणाला माहीत? कंपनीच्या कुलपावर विश्वास नाही म्हणून अनोळखी माणसाला घराची किल्ली द्यायची, हेही काही खरं नाही. लॅपटॉप मिटला.

मग सकाळी डोक्यात प्रकाश पडला. कुलूप जुनं आहे ना? मग वॉचमनसुद्धा जुनाच शोधू!

संक्रांतीच्या सुट्टीत घरी गेलो. माळ्यावरचा कॉम्प्युटर पुन्हा खाली. जळला होता तो फक्त पॉवर सप्लाय. सेकंडहँड साडेचारशेला मिळाला. मदरबोर्डवरचा बटण-सेल मेला होता, तो बदलला. रॅम काढून खोडरबरानं घासली. हे ज्ञान मला कुठल्याही लेक्चरमध्ये मिळालेलं नाही. हार्ड डिस्क जागच्या जागी. बटण दाबलं आणि पडद्यावर ते हिरवं कुरण, निळं आभाळ... विंडोज एक्सपी! इंटरनेटची वायर मात्र लावली नाही. इतक्या जुन्या माणसाला आजच्या रहदारीत सोडायचं नसतं.

दादा साखरपुड्यासाठी आला होता. पाहुणे गेले, रात्री अकरा वाजता मी त्याला आतल्या खोलीत नेलं. तो बघतच राहिला. काही बोलला नाही, शेरवानीच्या बाह्या वर केल्या आणि खुर्ची ओढली. डबल क्लिक. 'योग्य सीडी घाला' असा मेसेज. माझ्या पोटात गोळा! सीडी काढली, बाबांच्या धुतलेल्या बनियननं मधून कडेकडे अशी पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तोच मेसेज. तिसऱ्यांदा ड्राइव्हनं जातं दळावं तसा घर्रर्र आवाज केला... आणि गेम उघडला.

पहिल्या शर्यतीत मी शेवटच्या वळणावर हँडब्रेक दाबला. गाडी भिंतीवर. अकरा वर्षांत काही सुधारणा नाही. दादानं टपली मारली. दुसऱ्या वेळी दादाच चुकला. तिसऱ्या वेळी आम्ही जिंकलो. रात्रीचे दीड वाजले होते आणि मोठ्यानं ओरडायचीही चोरी, कारण बाहेर आत्या झोपलेली.

मग ज्यांनी गेम बनवला त्यांची नावं वर सरकायला लागली. प्रोग्रामर, चित्रं काढणारे, गाड्यांचे आवाज रेकॉर्ड करणारे, टेस्टर. पडद्यांमागून पडदे. दादा म्हणाला, "एवढी माणसं लागतात?" आम्ही शेवटपर्यंत पाहिलं. ज्यांनी आमची सीडी निकामी केली त्यांच्यावर मी दोन महिने चिडलो होतो, पण ही माणसं तर नुसता गेम करत होती. आणि त्यांच्या कामाचे पैसे माझ्या विंगमध्ये कुणीच दिले नव्हते. एका पुस्तकवाल्यानं सोडून.

मागे वळून बघितलं तर तो पुस्तकवाला दारात उभा. लेंगा-बनियनमध्ये, पाण्याचा तांब्या हातात. म्हणाले, "चालला का? मग झाले सहाशे रुपये वसूल. झोपा आता."

* * *

मित्रांनो, चार वर्षांनी आपल्यातलेच निम्मे लोक सॉफ्टवेअर लिहिणार आहेत. कुणावर तरी असं कुलूप बनवायची वेळही येईल. बनवा. फुकट्यांपासून कामाचं रक्षण करायला कुणाची ना नाही. पण दुकान बंद करताना ज्यानं पैसे मोजलेत त्याच्यासाठी किल्ली ठेवून जा. जगात असं करणारे आहेत. २००८पासून पोलंडचं जीओजी हे दुकान बिनकुलपाचेच गेम विकतंय. आणि दुसरी गोष्ट, बिनकुलपाचं दुकान चालायचं असेल तर गिऱ्हाईकही तसंच लागतं. ते कुठून येणार? आपल्याच विंगमधून.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलला निघण्याआधी दुकानात गेलो. बाबांना म्हटलं, "त्या पडून असलेल्या पुस्तकांतली तीन मला द्या." आणि खरं काय ते सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा लावला, तिन्ही पुस्तकांचं बिल केलं, कार्बन कॉपी फाईलला लावली. इतर विद्यार्थ्यांना ते दहा टक्के सूट देतात.

मला दिली नाही.